फळ्याच्या उजवीकडचा आकडा

ट्युनिसच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याला सगळे ‘सी तिजानी’ म्हणत, म्हणजे तिजानीसाहेब. शिपाई म्हणत, विद्यार्थी म्हणत, प्राचार्यसुद्धा म्हणत. ‘डॉक्टर’ मात्र कुणी म्हटलं नाही, कारण तो डॉक्टर नव्हताच. अडतीस वर्षं तो अँटेनाच्या प्रयोगशाळेत साधा इंजिनिअर होता, आणि त्या अडतीस वर्षांत तिथून जे डॉक्टर होऊन बाहेर पडले त्यांतले निम्मे त्याच्या प्रोग्रामच्या जिवावर झाले. हे तो कधी बोलून दाखवायचा नाही. पण न बोलण्याचाही एक ताठा असतो, आणि तो त्याच्यापाशी भरपूर होता.

काम असं. धातूचा एक पत्रा घ्यायचा आणि त्यावर सारख्या अंतरावर सारख्या खाचा पाडायच्या. असा पत्रा अँटेनापुढे उभा केला की एक ठरावीक रेडिओ लहर त्यातून आरपार जाते आणि बाकीच्या माघारी फिरतात. नेमकी कुठली लहर जाईल, हे पत्रा कापायच्या आधी गणिताने सांगायचं. आता हजारो खाचा कोण मोजत बसणार? म्हणून एकच घर मोजायचं, म्हणजे एक खाच आणि तिच्याभोवतीचा चौकोन. आणि धरून चालायचं की शेजारी हुबेहूब असंच घर आहे, त्याच्या शेजारी तसंच, आणि या शेजाराला कुठे शेवट नाही. खरा पत्रा हातभर लांबीवर संपतो, हे काय तिजानीला ठाऊक नव्हतं? पण गणितात तो संपला तर गणित सुटत नाही.

एकट्याने काढलेल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, हा त्या प्रयोगशाळेचा दंडक होता. तो तिजानीने आणि नूरीने मिळून घातला होता. नूरी भिंतीपलीकडच्या खोलीत बसायचा. केर्केना बेटांवरचा, कोळ्यांच्या घरातला, गडगडाटी हसणारा माणूस. तो पॅरिसला जाऊन डॉक्टर होऊन आला होता. तिजानी खाचेतल्या आणि खाचेबाहेरच्या लहरींचे तुकडे करून ते खाचेच्या तोंडाशी एकमेकांना जोडायचा. नूरी लहरींच्या वाटेला न जाता पत्र्याच्या अंगावरून वाहणारी वीज शोधायचा. दोन वाटा सगळ्याच वेगळ्या, पण गणित बरोबर असेल तर दोघांनी एकाच आकड्यावर पोचलं पाहिजे.

एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. ज्याचा आकडा तयार झाला त्याने मधली भिंत दोनदा ठोकायची आणि गप्प बसायचं. दुसऱ्याचा तयार झाला की त्याने उलट ठोकायचं. मग दोघांनी बोळात यायचं. तिथे एक फळा होता, मधोमध पांढऱ्या रंगाची रेघ मारलेला. डावीकडे तिजानीने लिहायचं, उजवीकडे नूरीने. जुळलं, तर तिजानीने नूरीचा आकडा पुसायचा आणि नूरीने तिजानीचा. नाही जुळलं, तर जुळेपर्यंत फळ्याला कुणी फडकं लावायचं नाही. झाडलोट करणाऱ्या मब्रूकालाही, जिला सगळे ‘खालती’ म्हणजे मावशी म्हणत, सक्त ताकीद होती. ती म्हणायची, “बायका सापडल्या नाहीत म्हणून हे दोघे भिंतींशी बोलतात.” नूरीला बायको होती, वर्दा. बायको सापडली नव्हती, ती फक्त तिजानीला.

दुपारी दोघे कोपऱ्यावरच्या दुकानात लबलबी खायला जात. वाडग्यात शिळ्या पावाचे तुकडे आपल्या हाताने तोडून टाकायचे असतात, मग दुकानदार वरून कढत चणे ओततो. तिजानीला तेवढा धीर नसायचा, तो पावाचे मोठाले लचके तोडायचा. म्हणून नूरीच दोघांचे वाडगे पुढ्यात ओढून बारीक तुकडे करायचा. “तुझ्या प्रोग्रामला जेवढी चिकाटी आहे त्याच्या अर्धी तुला असती,” असं दर वेळी म्हणायचा. एकोणतीस वर्षं हे चाललं. तिजानीच्या आयुष्यात याहून मोठं सुख नव्हतं, आणि ते सुख आहे हे त्याला तेव्हा कळलंही नव्हतं.

मग ओल्फाचा दिवस आला. ओल्फा ही नूरीची विद्यार्थिनी, गफ्साच्या खाणीतल्या कामगाराची मुलगी. तिच्या प्रबंधात एका पत्र्याचं गणित होतं, फार अरुंद खाचांचा पत्रा. तिचा आकडा होता ९.६१ गिगाहर्ट्झ. प्रबंधाच्या जाहीर परीक्षेला तिची आई, दोन मावश्या, भाऊ असे सगळे गफ्साहून आले होते. हॉलबाहेरच्या टेबलावर मिठाईचे आठ खोके रिबिनी बांधून रचून ठेवले होते. निकाल लागला की ते उघडायचे आणि मावश्यांनी आनंदाची किलकारी द्यायची, अशी रीतच आहे. तिजानी परीक्षकांच्या रांगेत पाहुणा म्हणून बसला होता. त्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला, “हा आकडा चूक आहे. माझ्या प्रोग्रामने १०.०२ येतो. आज सकाळीच काढला.”

तिजानी बोलतच राहिला. लहरी वाढवत गेलं तरी आकडा हलत नाही. पत्र्यावर आलेली ताकद आणि पत्र्याने पार सोडलेली व परतवलेली ताकद यांची बेरीज दशांशाच्या बाराव्या स्थळापर्यंत जुळते. आणखी काय पुरावा हवा?

नूरी जागेवरून म्हणाला, “तिजानी, तुझा आकडा स्थिर झालाय. बरोबर झालेला नाही.”

पण बारा दशांश स्थळांपर्यंत जुळणाऱ्या बेरजेपुढे त्या बोलण्याला कोण विचारतो? परीक्षकांनी आपसांत कुजबुज केली आणि परीक्षा पुढे ढकलली. ओल्फाच्या आईला फ्रेंच येत नव्हतं. आपण टाळ्या वाजवायच्या की नाही, हे ती लेकीच्या तोंडाकडे बघून ठरवू पाहत होती. मिठाईचे खोके रिबिनी न सोडता परत गेले. ओल्फा पुन्हा कॉलेजात आली नाही. पुढे कळलं की ती गावाकडे शाळेत गणित शिकवते.

त्याच दुपारी तिजानीने आपल्या खोलीत बसून खडूचा आवाज ऐकला. नूरी बोळात लिहीत होता. मग नूरी आपल्या खोलीत गेला आणि भिंतीवर दोन ठोके पडले. तिजानी जागचा उठला नाही. तो बरोबर होता ना, मग त्याने का उठावं? उजवीकडे ९.६१ आणि डावीकडे कोरी पाटी, असा तो फळा तसाच राहिला. सहा महिन्यांनी नूरीने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि बेटावर निघून गेला. त्याच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आल्या.

त्यानंतरची नऊ वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणूनच सांगितली पाहिजेत. तिजानी नऊला यायचा, पाचला जायचा. दुपारी एकटाच लबलबीच्या दुकानात बसायचा आणि पावाचे लचके तोडून वाडग्यात टाकायचा. ते चण्यांत नीट भिजत नसत. दुकानदाराने सुरुवातीला “दोस्त कुठाय?” म्हणून विचारलं, मग तेही सोडलं. बोळातून जाताना तिजानी फळ्याकडे बघत नसे. माणसाला नऊ वर्षं रोज चार वेळा एका गोष्टीकडे न बघणं जमतं, याचं मला नवल वाटतं. घरी त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. आई होती तोवर ती विचारायची, आज आकडा जुळला का रे. तीही गेली होती.

निवृत्तीला एक महिना राहिला तेव्हा रीम त्याच्याकडे आली. रीम त्याच विभागात शिकवायची, पस्तिशीची, बोलायला तिखट आणि कामाला वाघ. तिजानीनंतर प्रोग्राम तिच्याकडे जाणार होता. ती म्हणाली, “सी तिजानी, तुम्ही गेल्यावर कुणाला विचारू? एकेक ओळ समजावून सांगा. आणि ‘हे असंच असतं’ हे उत्तर चालणार नाही.”

असे रोज दोन तास ते बसू लागले. अकराव्या दिवशी रीमने पडद्यावर बोट ठेवलं. “इथे खाचेतल्या लहरी आणि खाचेबाहेरच्या लहरी सारख्याच मोजल्यात. का?”

“चौऱ्याऐंशी साली लिहिलंय. तेव्हाच्या मशीनला मेमरी होती कुठे? एकच आकडा दोन्हीकडे वापरला की जागा वाचायची.”

“आता काढू?”

“काढ. काही फरक पडायचा नाही.”

तिने ती ओळ बदलली, एक नेहमीचा पत्रा घालून बघितला, आणि खरंच काही फरक पडला नाही. ती तासाला निघून गेली. तिजानी पडद्यासमोर बसून राहिला. नेहमीचा पत्रा म्हणजे रुंद खाचांचा. रुंद खाच जवळजवळ घराएवढीच असते, तिथे दोन्हीकडे सारख्या लहरी घेतल्या तर बिघडत नाही. नूरीशी जे पत्रे एकोणतीस वर्षं जुळले ते सगळे तसले होते. पण खाच जर घराच्या चौथ्या हिश्श्याइतकी असेल तर? रुंद घेराला जितके टाके तितकेच अरुंद बाहीला घातले, तर कापड चुरगळणारच. अशा वेळी आकडा स्थिर होतो, बेरीजही जुळते, कारण ती बेरीज कशीही जुळतेच. फक्त सगळंच चूक असतं.

त्याने ओल्फाच्या पत्र्याची मापं घातली. ती त्याला तोंडपाठ होती. खाचेतल्या लहरी अर्ध्या केल्या, आकडा १०.०२ वरून खाली घसरला. चौथा हिस्सा केल्या. ९.६१. त्याने लहरी दोन्हीकडे त्याच प्रमाणात दुप्पट केल्या, चौपट केल्या. ९.६१ काही हलेना. तिजानी उठला, दार लावून घेतलं आणि खुर्चीवर बसून रडला. बासष्ट वर्षांचा माणूस कार्यालयात रडतो तसा, म्हणजे आवाज न करता आणि लवकर आटपत.

दोन दिवसांनी तो सकाळच्या गाडीने स्फाक्सला गेला आणि तिथून बोटीने केर्केनाला. तासाभराचा उथळ समुद्र. मासे अडवायला पाण्यात रोवलेल्या खजुराच्या झावळ्यांच्या ओळी हंगाम संपल्यामुळे उपटून किनाऱ्यावर टाकल्या होत्या. नूरी आपल्या घरामागे स्टुलावर बसून त्यांतल्या धड झावळ्या निवडत होता. दाढी पांढरी झाली होती, उन्हाने कातडी काळवंडली होती. त्याने तिजानीला लांबूनच ओळखलं. उठला नाही, पण दुसरा स्टूल पायाने पुढे सरकवला.

“खाचेत किती लहरी घेतल्या होत्यास?” त्याने विचारलं. सलाम नाही, ख्यालीखुशाली नाही.

“बाहेर जितक्या, तितक्याच.”

“म्हणजे हव्यात त्याच्या चौपट. गाढवा.”

“गाढवच,” तिजानी म्हणाला.

“मला त्याच आठवड्यात कळलं होतं. तुझ्याच पद्धतीने सगळं पुन्हा काढलं. तू कधीतरी जेवताना सांगितलेली ती सारखेपणाची ओळ आठवली, आणि बरोब्बर १०.०२ आला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“भिंत ठोकली होती की. तू बाहेर आला नाहीस.” नूरीने एक कुजकी झावळी बाजूला फेकली. “सहा महिने बसलो त्या खोलीत. रोज दहा वाजले की वाटायचं, आज हा उठेल. वर्दा म्हणायची, तूच जा की पलीकडे. म्हटलं, नाही, आता त्याची पाळी आहे. नऊ वर्षं लागली तुला, मेल्या.”

आणि तो हसला, तसाच गडगडाटी. तिजानीच्या छातीवरून धोंडा उतरला. वर्दा ऑक्टोपस घातलेला कुसकुस घेऊन आली. तिने तिजानीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “वाळलाय. तिकडे खायला मिळत नाही वाटतं.” नूरीने पाव हातात घेतला आणि बोलता बोलता त्याचे बारीक तुकडे करून अर्धे तिजानीच्या पुढ्यात ठेवले. सवयीने. तिजानी ते तुकडे बघत राहिला.

नूरीचे बेत सुरू झाले होते. “उद्या सकाळच्या बोटीने मीही येतो. दोघांच्या सहीने विभागाला पत्र देऊ. ओल्फाला बोलावू, तिचा प्रबंध पुन्हा उभा करता येईल का बघू. आणि तो फळा आहे ना अजून? तो पुसू एकदाचा.” मग तो जरा थांबून म्हणाला, “मी काय सांगत आलोय वर्दाला, विचार तिला. चूक काय, कुणाचीही होते. आणि त्या दिवशी याला आकडा सकाळीच मिळाला होता. परीक्षा दहाला. ठोकायला वेळच राहिला नसेल. नाहीतर तिजानी तसं करणारा नाही.”

“हे मात्र खरं,” वर्दा म्हणाली. “नऊ वर्षं हेच ऐकतेय.”

आता तिजानीने गप्प राहायचं होतं, एवढंच. पाव खायचा होता. उद्या सकाळी दोघांनी बोटीवर शेजारी शेजारी बसायचं होतं. इथवर आलेला माणूस आणखी काय मागेल? मला विचाराल तर त्याने गप्पच राहायला हवं होतं. पण दुसऱ्याने तपासलेला नाही तो आकडा खरा नाही, यावर आयुष्य घालवलेला माणूस तो, त्याला ते जमलं नाही.

“नूरी, आकडा आदल्या दिवशी आला होता,” तो म्हणाला. “दुपारी तीन वाजता.”

नूरीचा हात थांबला. “तेव्हा मी कुठे होतो?”

“पलीकडेच. तुझ्या खुर्चीचा आवाज येत होता.”

“मग?”

“नाही ठोकलं. हॉलमध्ये सांगायचं होतं. सगळ्यांसमोर.”

“का?”

तिजानीला याचं उत्तर नऊ वर्षं ठाऊक होतं आणि ते त्याने एकदाही मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. “तू डॉक्टर होतास,” तो म्हणाला.

वर्दा रिकामं ताट घेऊन आत गेली. नूरीने झावळ्यांचा ढीग पुन्हा पुढ्यात ओढला आणि निवडायला लागला. एक धड, एक कुजकी, एक धड. उन्हं भिंतीवरून खाली उतरली.

“चारची बोट आहे,” नूरी मान वर न करता म्हणाला. “ती चुकवू नका, सी तिजानी.”

अडतीस वर्षांत नूरीने त्याला कधी ‘सी’ लावलं नव्हतं, आणि ‘तुम्ही’ही म्हटलं नव्हतं. तिजानी उठला. पावाचे तुकडे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने कुणी आलं नाही. तिजानी स्फाक्सच्या धक्क्यावर ती बोट येईपर्यंत थांबला होता, हे त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही. एक म्हातारा बकरी घेऊन उतरला, काही बायका उतरल्या, मग मोटारी उतरल्या, आणि धक्क्यावरच्या माणसाने साखळी लावली.

विभागाला त्याने एकट्याच्या सहीने पत्र दिलं. गणितातली चूक लिहिली, आणि आदल्या दिवशीचं तीन वाजताचंही लिहिलं. विभागप्रमुख म्हणाले, हे शेवटचं कशाला, याचा गणिताशी काय संबंध? तिजानी म्हणाला, राहू द्या. ओल्फालाही गफ्साला पत्र पाठवलं. तिचं उत्तर चार ओळींचं आलं. ‘सी तिजानी, कळवलंत, आभारी आहे. आकडा काय होता ते मला आता आठवत नाही. आई ते आठही खोके मांडीवर घेऊन बसमध्ये बसली होती, ते आठवतं.’

शेवटच्या दिवशी रीमने केक आणला, सगळ्यांनी फोटो काढले. पाच वाजता मंडळी पांगली. तिजानी खडू घेऊन बोळात आला आणि नऊ वर्षांनी त्याने फळ्याकडे नीट बघितलं. नूरीचं अक्षर होतं, ९.६१, एकाला त्याची नेहमीची लांब शेपटी. तिजानीने डावीकडे लिहिलं, ९.६१.

जुळलं होतं. आता दंडकाप्रमाणे वागायचं. त्याने फडकं घेतलं आणि उजवीकडचा आकडा पुसला. इतकी वर्षं बसलेला खडू, लवकर निघेना. दोनदा ओलं करून पुसावं लागलं.

खालती मब्रूका बादली घेऊन आली. “झालं का एकदाचं?” ती म्हणाली. “द्या ते फडकं, डावीकडचं मी पुसते.”

“तो मला पुसता येत नाही, खालती,” तिजानी म्हणाला. “आणि तुलाही नाही. तो नूरीने पुसायचा असतो.”

“आणि तो आलाच नाही तर?”

तिजानीने फडकं खिळ्याला अडकवलं, पिशवी उचलली आणि जाताना सवयीने खोलीचा दिवा बंद केला.